टोस्ट म्हणजे पथ्य नव्हे!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पळस्प्याच्या माझ्या दवाखान्यात दुपारी बाराच्या सुमारास एक सून आपल्या सासूबाईंना घेऊन आली. आजींचे वय सत्तरीच्या पुढचे. दोन पायऱ्या चढून आल्या तर धाप लागलेली. पापणी खाली ओढून पाहिली, आतला भाग पांढराफटक. नखे निस्तेज, पायांवर थोडी सूज. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात.

मी विचारले, "आजी, जेवण कसं आहे?"

आजी म्हणाल्या, "जेवण कुठलं डॉक्टर, हलकंच खाते मी. चहा नि टोस्ट."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळी होऊन आठ महिने झाले होते. मला राग आला. सत्तरीच्या बाईला आठ महिने चहा-टोस्टवर कोण ठेवतो, असे मी जरा चढ्या आवाजात सुनेला विचारले. ती काही बोलली नाही. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुने कागद काढले आणि त्यातली एक चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठीवर लिहिले होते : "हलका आहार. पेज, चहा, टोस्ट." अक्षर माझे होते. सहीही माझीच.

दिवाळीत आजींना जुलाब आणि ताप झाला होता. तेव्हा दोन-तीन दिवसांसाठी दिलेले ते पथ्य. पण "दोन-तीन दिवस" हे शब्द मी लिहिले नव्हते. औषधाच्या गोळ्यांपुढे दिवस लिहिले, पथ्यापुढे लिहिले नाहीत. गोळ्या तीन दिवसांत संपल्या, पथ्य आठ महिने चालू राहिले. पेज करायला वेळ लागतो म्हणून ती मागे पडली. टोस्टचा पुडा तेवढा घरात कायमचा झाला.

आज टोस्टविषयी लिहायला बसलो आहे ते या चिठ्ठीमुळे. लिहिताना दोष फक्त वाचकांच्या माथी मारणार नाही. आजाऱ्याला टोस्ट द्यावा, हे आम्ही डॉक्टरांनीच घरोघर शिकवले आहे.

पाव आजाऱ्याचा कसा झाला?

आपल्या कोकणपट्टीचे मूळ अन्न तांदूळ. भात, पेज, तांदळाची भाकरी, सोबत मासळी किंवा कडधान्य. गहू सणावारी. पाव तर परकाच. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तिथून तो किनाऱ्याने वर सरकला. एकेकाळी पाव खाणे म्हणजे धर्म बुडवणे मानले जाई. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त सभा निघाली. जातिभेद मोडल्याची खूण म्हणून सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, तर लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले.

म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी जे खाल्ले म्हणून प्रायश्चित्त सांगितले जात होते, ते आज आपण आजारी माणसाला औषधासारखे देतो. आमच्या लहानपणी घरात पाव-बिस्किटे आली की शेजारी विचारत, "कोण आजारी आहे?" दवाखान्यात भेटायला जाताना लोक टोस्टचा पुडा नेत, अजूनही नेतात. पाव ओव्हनमध्ये भाजलेला, कोरडा, तेलतिखट नसलेला, म्हणून तो पचायला सोपा, अशी समजूत झाली. तापातल्या दोन दिवसांसाठी ती फारशी चुकीची नाही. पण दोन दिवसांचा आहार आणि रोजचा आहार यांतला फरक विसरला की घोटाळा होतो.

हलका कशाने?

टोस्ट हातात घेतला तर हलका लागतो, हे खरे. पण तो हलका आहे पाणी उडून गेल्यामुळे. शंभर ग्रॅम पावात साधारण पस्तीस ते अडतीस ग्रॅम पाणी असते आणि अडीचशेच्या आसपास उष्मांक. तोच पाव कडक भाजला की वजन पासष्ट-सत्तर ग्रॅमवर येते. उष्मांक मात्र तेवढेच राहतात. म्हणजे वजनाच्या मानाने टोस्ट पावापेक्षा जड ठरतो. बेकरीतल्या टोस्टमध्ये त्यावर साखर आणि स्निग्ध पदार्थही घातलेले असतात, ते वेगळेच.

मी आजींच्या सुनेला पुडा आणायला सांगितला. आजी दिवसाला नऊ टोस्ट खात होत्या. नऊ टोस्ट काट्यावर ठेवले तर शंभर ग्रॅमच्या आसपास भरले. त्यांतून मिळतात सुमारे चारशे उष्मांक आणि दहा ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने. पंचेचाळीस किलो वजनाच्या बाईला रोज निदान सदतीस-अडतीस ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे प्रथिनांचा जेमतेम पाव हिस्सा भरत होता. लोह नाममात्र, आणि तेही चहाबरोबर. चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. आठ महिन्यांत हिमोग्लोबिन सातवर आले यात नवल ते काय?

हाच टोस्ट मधुमेही माणूस खातो तेव्हा उलट घडते. "डॉक्टर, गोड बंद केलंय, फक्त चहासोबत चार टोस्ट" असे सांगणारे आठवड्यात दोन-तीन तरी भेटतात. मैद्याचे रक्तात साखरेत रूपांतर फार लवकर होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून अधिक. हे आकडे शहरातले म्हणून सोडून देऊ नका. आमच्या पळस्पे फाट्यावर मुंबई-पुणे जुना रस्ता, गोव्याचा महामार्ग आणि न्हावा-शेवा बंदराचा रस्ता एकत्र येतात. कंटेनरचे चालक, कारखान्यांच्या पाळ्या करणारे कामगार, रिक्षावाले, सगळ्यांचा सकाळचा आहार चहा आणि पाव, खारी, बटर किंवा टोस्ट. भाताची शेते गेली, चालणे गेले आणि भाकरीच्या जागी मैदा आला. साखर वाढायला आणखी काय हवे?

तपकिरी रंगाला भुलू नका

आजींना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त कमी होण्याची इतर कारणेही तपासली. आहार बदलायला सांगितला : मुगाचे कढण, टोमॅटोचे सार, अंडे, मासळी, पालेभाजी. पण आजी अडून बसल्या. आठ महिन्यांत जिभेला कुरकुरीची सवय लागली होती. पातळ काही दिले की म्हणत, "नुसतं काय पिऊ? सोबत टोस्ट द्या."

सून पनवेलला नोकरीला जाते. तिथल्या हॉटेलात टोमॅटोच्या सूपवर पावाचे तळलेले चौकोनी तुकडे तरंगताना तिने पाहिले होते. फ्रेंच लोक त्यांना क्रुटॉन म्हणतात, कवच या अर्थाच्या शब्दावरून. लग्नाच्या जेवणावळीतही हल्ली सूपच्या टेबलावर त्यांची वाटी असते. तिने मला विचारले, "डॉक्टर, मी ते घरी करून सारात घातले तर? ब्राउन ब्रेडचे करते, पौष्टिक होतील."

कल्पना चांगली होती. मी म्हटले, "करा, पण आधी तो ब्राउन ब्रेड मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी ती वेष्टन घेऊन आली. समोर सोनेरी कणसांचे चित्र. मागे बारीक अक्षरांत घटक दिलेले. पहिला घटक मैदा. गव्हाचे पीठ त्याच्या मागे, मग साखर, तेल, आणि शेवटी रंग १५०. हा १५० क्रमांक म्हणजे कॅरॅमल, जळक्या साखरेसारखा तपकिरी रंग. ब्रेड तपकिरी दिसत होता तो कोंड्यामुळे कमी आणि रंगामुळे जास्त.

वाचकहो, वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जो सर्वांत जास्त, तो पहिला. एवढा एक नियम लक्षात ठेवलात तर जाहिरात तुम्हाला फसवू शकणार नाही. पहिला शब्द "होल व्हीट फ्लोअर" किंवा "आटा" असला पाहिजे. "रिफाइन्ड व्हीट फ्लोअर" म्हणजे मैदा. नुसते "व्हीट फ्लोअर" लिहिले असेल तर तोही बहुधा मैदाच समजा. पुष्कळ ठिकाणी घटकापुढे टक्केवारी दिलेली असते, ती पाहा. शंभर ग्रॅममागे तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, किती ते लिहिले असेल तर सहा ग्रॅमच्या वर असलेला ब्रेड घ्या. "मल्टिग्रेन" या शब्दाने हुरळून जाऊ नका. मैद्याच्या पावावर चिमूटभर तीळ आणि जवस टाकूनही तो शब्द छापलेला पाहिला आहे.

वेष्टन वाचायचे आणखी एक कारण आहे. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पाव आणि बेकरीच्या ३८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. पीठ फुलावे म्हणून ही द्रव्ये वापरीत. ब्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका असल्याने त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ओरड झाली म्हणून बंदी आली. ग्राहक वाचतो, विचारतो, तेव्हाच अशा गोष्टी बदलतात.

कोंड्याची किंमत

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेर कोंडा, आत पिठूळ गर आणि एका टोकाला अंकुर. मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात. चोथा, ब गटातील जीवनसत्त्वे, लोह आणि इतर क्षार यांचा मोठा वाटा नेमका त्या दोघांत असतो. शंभर ग्रॅम कणकेत सुमारे अकरा ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, मैद्यात तीनच्या आत.

कोंड्याची किंमत वैद्यकाला कळली ती कोंबड्यांमुळे. आयकमन नावाचे एक डच डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या पायांतून लुळ्या पडत. कोंड्यासह तांदूळ दिला की उभ्या राहत. तांदळाच्या कोंड्यातच रोगाचा उतारा होता. या कामासाठी आयकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आज्या घरी भात सडत तेव्हा कोंडा थोडाफार राहत असे. गिरणी आली आणि दाणा पांढरा झाला. पावाचे तेच झाले.

गोव्यातल्या वाचकांना हे नवे नाही. तिथले पोदेर सायकलवरून भोंगा वाजवीत जो पाव विकतात, त्यात पोई नावाचा एक प्रकार असतो. कोंड्याचा, आतून पोकळ, मधुमेही माणूसही मुद्दाम मागून घेतो असा. आपल्या पट्ट्यात भट्टीचा पाव आला, पण पोई काही आली नाही.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संपूर्ण गव्हाचा पाव झाला म्हणून तो मधुमेह्याने हवा तेवढा खावा असे नाही. पीठ बारीक दळलेले असेल तर असा पावही रक्तातील साखर जवळजवळ पांढऱ्या पावाइतक्याच वेगाने वाढवतो. त्याचा फायदा चोथ्याचा आहे, क्षार-जीवनसत्त्वांचा आहे, पोट साफ राहण्याचा आहे. साखरेसाठी मात्र प्रमाण आणि सोबत काय खाता हेच महत्त्वाचे. एकट्या पावापेक्षा डाळ, भाजी, अंडे यांच्याबरोबर थोडा पाव केव्हाही बरा.

घरी कसे करावे?

सुनेने चार दुकाने फिरून शेवटी खऱ्या कणकेचा ब्रेड शोधला. तिने जे केले ते मी दवाखान्यात बसून लिहून घेतले. त्यात माझी भर फारच थोडी.

आदल्या दिवशीच्या ब्रेडचे चार स्लाइस घ्यावेत. ताजा ब्रेड चिकट असतो, त्याचे तुकडे नीट होत नाहीत. कडा काढू नयेत. शंकरपाळ्याएवढे चौकोनी तुकडे करावेत. एका चमचा तेलात ठेचलेली लसूण, भरडलेले जिरे आणि मिरपूड घालावी. ओवा आवडत असेल तर चिमूटभर. हे तेल तुकड्यांना हाताने चोळावे. मीठ घालू नये, ब्रेडमध्ये ते आधीच असते. एका स्लाइसमध्ये सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. रक्तदाबाच्या रुग्णाला तेवढे पुरे.

जाड बुडाचा तवा मंद आचेवर ठेवून तुकडे एकाच थरात पसरावेत. दर दोन मिनिटांनी परतावेत. बारा ते पंधरा मिनिटांत ते हलके आणि कुरकुरीत होतात. घरी ओव्हन असेल तर दीडशे ते एकशे साठ अंशांवर तेवढाच वेळ. गॅस बंद केल्यावरही ते तव्यावरच गार होऊ द्यावेत, म्हणजे आतला ओलावा निघून जातो.

रंग सोनेरी झाला की थांबावे. तपकिरी किंवा काळसर होऊ देऊ नयेत. पिठूळ पदार्थ फार तापले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. कणकेच्या पावात ते मैद्याच्या पावापेक्षा थोडे अधिकच तयार होऊ शकते. म्हणून मंद आच आणि सोनेरी रंग, हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत.

चार स्लाइसना एक चमचा तेल, म्हणजे पंचेचाळीस उष्मांक. हॉटेलात हेच तुकडे कढईत तळतात. पाव स्पंजासारखा असतो, तेल भरपूर पितो. घरी करण्याचा खरा फायदा इथे आहे. कोणते पीठ, किती तेल, किती मीठ, हे तुमच्या हातात राहते.

एका माणसाला एका वेळी एका स्लाइसचे तुकडे पुरेत, साधारण सत्तर उष्मांक, एका फुलक्याएवढे. म्हणजे हे तुकडे खाल्ले की एक पोळी कमी, हा हिशेब मधुमेह्याने ठेवलाच पाहिजे. मुगाचे कढण, टोमॅटोचे सार, लाल भोपळ्याचे किंवा दुधीचे सूप, काकडीची कोशिंबीर, कशावरही अगदी वाढताना घालावेत. वरून लिंबू पिळावे. लिंबातले आणि टोमॅटोतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. चहा मात्र जेवणानंतर तास-दीड तासाने.

काही सावधगिरी

पहिली बुरशीची. शिळा पाव आणि बुरशी आलेला पाव यांत मोठा फरक आहे. शिळा पाव कडक होतो, तो चालतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की ब्रेड दोन-तीन दिवसांत बुरशीला लागतो. हिरवा-काळा ठिपका दिसला की तेवढा कोपरा कापून बाकीचे तुकडे भाजावेत, असे पुष्कळ गृहिणी करतात. कृपा करून करू नका. वर दिसतो तो ठिपका, धागे आत दूरवर गेलेले असतात. भाजल्याने बुरशी मरेल, पण तिने सोडलेली विषे सगळी नष्ट होतीलच असे नाही. असा ब्रेड टाकून द्यावा, गुराढोरांनाही घालू नये.

दुसरी साठवणीची. तुकडे पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावेत. हिवाळ्यात आठवडाभर राहतात. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांचेच करावेत. मऊ पडले तर तव्यावर पुन्हा गरम करावेत. वास बदलला तर फेकावेत.

तिसरी गिळण्याची. पाच वर्षांखालील मुले, कवळी लावणारे म्हातारे आणि पक्षाघात झालेले रुग्ण यांना कोरडे कडक तुकडे देऊ नयेत. ठसका लागून श्वासनलिकेत अडकू शकतात. आधी सारात भिजू द्यावेत. ज्याला गिळताना नेहमी ठसका लागतो त्याला हे देऊच नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि ज्यांना गव्हाचीच बाधा होते, म्हणजे सीलिॲक हा विकार आहे, त्यांनी कोणताही गव्हाचा पाव वर्ज्य समजावा.

ब्रेड मिळाला नाही तर?

आमच्यासारख्या गावांत खरा कणकेचा ब्रेड रोज मिळत नाही, आणि मिळाला तरी तो साध्या ब्रेडपेक्षा महाग असतो. मग काय करावे? माझे स्पष्ट मत असे की ब्रेडच्या मागे धावू नये. रात्रीची उरलेली ज्वारीची, बाजरीची किंवा नाचणीची भाकरी घ्या. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि वर सांगितल्याप्रमाणेच तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत करा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते आणि तंतुमय पदार्थ कणकेच्या तोडीचे. कोणत्याही पुड्यातला ब्रेड याच्या जवळपास येणार नाही. चपाती उरली तर तिचेही असेच करता येते. रायगडात नाचणी पिकते. ती आपण दुकानात महाग बिस्किटांच्या रूपाने विकत घेतो आणि घरची भाकरी शिळी म्हणून टाकतो, याचे वाईट वाटते.

दुसरा एक उपाय सुचवतो. पूर्वी आपल्याकडे घरचा रवा, तूप, साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची पद्धत होती. आजही काही बेकऱ्यांत ती चालते. दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून गावातल्या भट्टीवाल्याला आपल्या कणकेचा पाव आठवड्यातून एकदा भाजून द्यायला सांगितले, तर तो नाही म्हणणार नाही. गिऱ्हाईक मागेल ते तो करतो. आपण आजवर पांढरा आणि मऊ पाव मागितला, म्हणून त्याने तो दिला.

शेवटी

आजी आता बऱ्या आहेत. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहापर्यंत आले. ते लोहाच्या गोळ्यांनी आणि पोटभर जेवणाने आले, पावाच्या तुकड्यांनी नव्हे. त्या तुकड्यांचे काम एवढेच की त्यांच्या लोभाने आजींनी कढण आणि सार प्यायला सुरुवात केली. टोस्टच्या पुड्यामागे दडलेले जेवण त्या ताटात परत आले. माझ्या मते या तुकड्यांचा उपयोग असाच करावा. पोट भरण्यासाठी त्यांचा डबा उघडून बसू नये. मुलाने भाजीचे सूप प्यावे, म्हाताऱ्याने डाळीचे पाणी नव्हे तर डाळ खावी, यासाठी वरची मूठभर कुरकुर म्हणून ते ठेवावेत.

आपल्या घरात कोणी "डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय" म्हणून महिनोन् महिने चहा-टोस्टवर असेल, तर आजच ती जुनी चिठ्ठी काढा. तारीख पाहा. पथ्य देणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि विचारा, "हे अजून किती दिवस?" विचारायला संकोच करू नका. कदाचित ते डॉक्टरही माझ्यासारखेच दिवस लिहायला विसरले असतील.

मी आता पथ्य लिहिले की त्यापुढे दिवसही लिहितो. आजींच्या सुनेने ती जुनी चिठ्ठी परत नेली नाही. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.